दोघांची टोचणी

मेथी निवडायला बसले होते. जुडी अर्धीसुद्धा झाली नव्हती आणि मी उठले. ओट्यापर्यंत गेले, पाण्याचं भांडं उचललं, न पिताच ठेवलं, परत येऊन बसले. चार काड्या मोडल्या आणि पुन्हा उठले. पायांना काहीतरी झालं होतं. दुखत नव्हतं, मुंग्याही नव्हत्या. दाराशी कुणीतरी ताटकळत उभं आहे आणि आपण त्याला अजून आत घेतलेलं नाही, असं काहीतरी वाटत होतं.

"काय गं शैला, बसवत नाही का तुला?" जयवंत आरामखुर्चीतून म्हणाले. "कधीपासून बघतोय, चरकातल्या उसासारखी आत-बाहेर चाललीयस."

"तुम्हाला बरं बसवतं!"

"मला कानामागे ही पट्टी लावल्यापासून फार शांत वाटतं बघ. डॉक्टरांनी उगाच घाबरवलं होतं. म्हणे, तळमळेल, चैन पडणार नाही. कुठे काय?"

मी मेथी तशीच सोडून चपला घातल्या. ही अस्वस्थता सपाटीवर चालून जात नाही, हे मला अनुभवानं कळलं होतं. बाजारात जाऊन आले, तळ्यापर्यंत जाऊन आले, उपयोग झाला नव्हता. एकदा अशीच चालत सुटले आणि अजिंक्यताऱ्याच्या अंगाला, उंचावर असलेल्या चार भिंती या स्मारकापर्यंत चढून गेले, तेव्हा कुठे जीव निवला होता. तेव्हापासून रोज दुपार कलली की मी तिथं जात होते. वर पोचलं की पायांतलं ते चालणं एकदम थांबायचं. साताऱ्याची घरं खाली पसरलेली दिसायची आणि मला झोप यावी इतकं हलकं वाटायचं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हे काय नवीन, असं मनात यायचं. पण मी जन्मभर मुलींच्या शाळेत खेळ शिकवले. बसून राहणं मला कधीच जमलं नव्हतं. वय झालं तशी खोड वाढली असेल, अशी मी समजूत घातली.

आमच्या लहानपणी व्यायाम वेगळा आणि चालणं वेगळं होतं. व्यायाम तालमीत जाणारे करायचे. बाकीचे नुसते चालायचे, कारण जायचं असायचं. माझे वडील सायकलवरून साखर कारखान्यात जात आणि आई विहिरीवरून पाणी आणी. त्यांना कुणी 'आज तुमचं ध्येय पूर्ण झालं का' असं विचारलं असतं तर ते हसले असते. मग आम्ही नोकरीला लागलो, गाड्या आल्या, पोटं आली, आणि जानेवारीत जिमचे पैसे भरून फेब्रुवारीत घरी बसणारी पिढी झालो. आम्ही पन्नाशीत असताना पावलं मोजणारी घड्याळं निघाली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा माणसं आकडा वाढावा म्हणून मनगट हलवत बसायची. आमच्या कॉलनीनं तेव्हा एक स्पर्धा ठेवली होती. जयवंतनी आपलं घड्याळ आमच्या कुत्रीच्या, ब्राऊनीच्या, गळ्यात बांधलं आणि पहिला नंबर काढला. बक्षीस घेताना कॉलर ताठ! पाटबंधारे खात्यात त्यांनी एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, पण व्यायामात लबाडी करायला त्यांना कधी काही वाटलं नाही.

म्हणून डॉक्टरांनी त्यांना टोचणी लावायची ठरवली, तेव्हा मला मनातून आनंदच झाला होता.

तिचं खरं नाव मोठं आणि परदेशी आहे; लोक तिला टोचणी म्हणतात. अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या मनात पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त वेळ जागं राहतं, हे मानसशास्त्राला शंभरएक वर्षांपासून माहीत आहे. पुढे मेंदूच्या अभ्यासकांना कळलं, की हे 'राहिलंय, राहिलंय' असं म्हणत राहणारी एक छोटीशी जागा मेंदूच्या पुढच्या भागात खोलवर असते. हातात घेतलेलं तडीस नेणाऱ्या माणसांत ती दणकट असते, टाळाटाळ करणाऱ्यांत मऊ. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या एका लांब नसेची एक फांदी कानापाशी कातडीखाली येते. तिथं हरभऱ्याच्या डाळीएवढी पट्टी चिकटवायची आणि तिच्यातून इतके बारीक झटके द्यायचे, की ते जाणवत नाहीत, पण मेंदूतली ती जागा जागी राहते. पट्टी नाडी ऐकते, श्वास ऐकते, हवेच्या दाबावरून आपण किती उंच चढलो ते ओळखते. ठरवलेलं काम होईपर्यंत माणसाला स्वस्थता देत नाही. काम झालं की गप्प.

ध्येय मात्र एकदाच नोंदवता येतं. ते मधेच बदलायची सोय ठेवली तर दुसऱ्याच दिवशी सगळे ते कमी करून बसतील, हे बनवणाऱ्यांना कळत होतं. त्यांच्याकडेही आमच्या ह्यांच्यासारखे नवरे असणार.

जयवंतच्या हृदयाची एक झडप आखडत चालली होती. ती बदलायला हवी, पण त्यांचं हृदय आणि फुप्फुसं शस्त्रक्रिया सोसण्याइतकी तयार नव्हती. डॉ. रुबीना तांबोळी आमच्याच शाळेत शिकलेली मुलगी. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "काका, रोज ठरावीक चढ चढा. बेतानं, न थांबता. उन्हाळा संपायच्या आत अंगात ताकद आली तर आपण झडप बदलू. नाही आली तर माझ्या हातात फार काही उरत नाही."

नोंदणीचा दिवस मला लख्ख आठवतो. रुबीनानं त्यांना खुर्चीवर बसवलं, उजवा हात एका धातूच्या तबकडीवर ठेवायला लावला आणि म्हणाली, "डोळे मिटा, आणि काय करणार ते मोठ्यानं म्हणा. शांतपणे. अंग स्थिर राहू द्या."

जयवंतनी डोळे मिटले. अगदी पूजेला बसल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "मी रोज चार भिंतींपर्यंत चढून जाईन."

आणि मी, त्यांच्या शेजारी उभी असलेली, काय केलं? लग्नापासून प्रत्येक सत्यनारायणाला, प्रत्येक वास्तुशांतीला जे केलं तेच. त्यांनी संकल्प सोडला की माझी चार बोटं आपोआप त्यांच्या हाताला लागतात. नवरा पूजा करतो, बायको हाताला हात लावते, आणि ते दोघांचं होतं. मला कळलंसुद्धा नाही. रुबीना पडद्याकडे बघत होती. पडदा हिरवा झाला, ती म्हणाली "छान," आणि आम्ही पेढे घेऊन घरी आलो.

माझ्याही कानामागे टोचणी होती. आदल्या वर्षी गुडघा बदलला तेव्हा व्यायामासाठी लावली होती, पण मी व्यायाम कधी चुकवलाच नाही, त्यामुळे ती मला कधी टोचली नव्हती. गुडघा कधीच वाकायला लागला होता, पट्टीचं काम संपलं होतं. काढायची राहून गेली, कानातली कुडी राहावी तशी.

*

महिनाभरानं तपासणी झाली. जयवंतना चालत्या पट्ट्यावर चढवलं आणि थोड्याच वेळात उतरवावं लागलं. ओठ निळसर झाले होते. रुबीना एकदा कागदाकडे आणि एकदा त्यांच्या कानाकडे बघत होती.

"पट्टी तर म्हणतेय, रोजचं ध्येय पूर्ण. पहिले एकदोन दिवस सोडले तर एकही खाडा नाही. मग ताकद गेली कुठे?"

"वयात गेली," जयवंत म्हणाले.

"काका, थट्टा नको. मला हे बरं दिसत नाहीये."

परत येताना कोपऱ्यावर निकमभाऊ भेटले. ते रोज संध्याकाळी जयवंतबरोबर फिरायला जात. जयवंत रिक्षातून उतरून पुढे गेल्यावर मी त्यांना थांबवलं.

"भाऊ, खरं सांगा. हे वरपर्यंत येतात ना?"

निकमभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वहिनी, आता काय सांगू? पहिल्या वळणावरचा कठडा आहे ना, तिथं बसतात. म्हणतात, 'मला आतून पुरे झाल्यासारखं वाटतंय.' मी आपला वर जाऊन येतो, येताना त्यांना घेऊन येतो. फार आनंदात असतात हो."

मी घरात शिरले ती ब्राऊनीच्या गळ्यातलं घड्याळ डोळ्यांपुढे ठेवूनच.

"लाज वाटत नाही? त्या पोरीला फसवताय? स्वतःच्या हृदयाला फसवताय?"

"कुणाला फसवलं?" ते खरोखरच गोंधळले होते. "अगं, मी निघतो तेव्हा काही टोचतच नाही. पोट भरलं की आपण पानावरून उठतो ना, तसं. मला वाटलं, यंत्रालाच कळलं असेल, म्हाताऱ्याला एवढं बास."

"कधीच टोचलं नाही?"

"पहिल्यांदा एकदोन दिवस टोचलं. नंतर दुपारी जरा चुळबुळ होते, आणि मग चहाच्या आत आपोआप थांबते."

चहाच्या आत मी चार भिंतींवरून परत आलेली असते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा मी पलंगाचा कठडा धरून बसले. पाय खेचत होते, दात आवळले गेले, घाम आला. आणि बाहेरच्या खोलीत आरामखुर्ची करकरली. जयवंत उठले. खिडकीपाशी गेले. परत आले. पेपर उघडला, मिटला.

"शैला," ते आतमध्ये डोकावत म्हणाले, "आज मला कसंतरीच होतंय गं."

*

रुबीनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, नोंदणीच्या वेळी तुम्ही त्यांना हात लावला होता?"

"संकल्प सोडताना लावतात तसा."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या शेजारच्या जोशीकाकू पूजेत लावायच्या तसा? अरे देवा! कंपनीनं जगभर तपासण्या केल्या, ही नसेल केली."

मग तिनं समजावून सांगितलं. पट्टी कातडीतूनच बोलते. काही रोग्यांना दोन्ही कानांमागे लावतात, तेव्हा त्या दोन पट्ट्या अंगातून एकमेकींना ओळखतात आणि पुढे दूर असल्या तरी हिशेब एकच ठेवतात. माझी पट्टी रिकामी होती. मी हात लावला तेव्हा तिला दुसरी सापडली. यंत्राच्या दृष्टीनं आम्ही दोघं म्हणजे दोन पट्ट्या लावलेलं एक शरीर. कुणीही चढलं तरी काम झालं.

"म्हणजे मी चढत होते आणि यांचं समाधान होत होतं."

"अगदी तसंच."

"नवीन काय त्यात?" मी म्हणाले. "हरतालिकेला मी उपाशी राहायचे आणि आयुष्य यांचं वाढायचं."

जयवंत हसले. मी हसले नाही.

"माझी काढून टाक," मी रुबीनाला म्हणाले.

"एक काढली की दोन्हींची नोंद पुसली जाते. आणि महिनाभर झटके घेतलेली नस पुन्हा नवी नोंद लगेच धरत नाही. पावसाळा उजाडेल. काकांच्या झडपेकडे तेवढा वेळ नाहीये." तिनं जयवंतकडे बघितलं. "पट्टीशिवाय, स्वतःच्या मनानं चढले तर प्रश्नच नाही."

जयवंत खिडकीबाहेर बघायला लागले.

"दुसरा मार्ग?" मी विचारलं.

"तुम्ही बसा, काकू. तुम्ही चढायचं नाही. मग टोचणी वाढत जाईल आणि काकांना जावंच लागेल. पण तुम्हालाही तितकीच टोचेल. सोसवेल?"

मला खो-खोच्या मैदानातल्या मुली आठवल्या. पाटीवर बसलेल्या, खो मिळेपर्यंत उठायचं नाही, अंग नुसतं धनुष्यासारखं. त्यांना मी ओरडून सांगायचे, बसणं हासुद्धा खेळ आहे. मला स्वतःला मात्र कधीच बसवलं नव्हतं. मी धावणारी होते.

"सोसेन," मी म्हणाले.

*

पुढचे दिवस आमच्या घरात दोन वाघ एका पिंजऱ्यात असल्यासारखे गेले. दुपार झाली की मी हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, ते गॅलरीच्या त्या टोकाकडून या टोकाकडे. दारात समोरासमोर आलो की एकमेकांकडे बघायचो.

"जा ना," मी म्हणायचे.

"तूच जा. तुला सवय आहे."

"मेलात तरी मी चढणार नाही."

"मेल्यावर कशाला चढशील?"

मुलीचा, केतकीचा, बंगळूरहून फोन आला. "आई, तुम्ही दोघं भांडताय का? बाबा म्हणाले, तू त्यांचा छळ करतेयस."

"करतेय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ते निघायचे, आणि पहिल्या वळणावरून परत यायचे. रात्रभर टोचणी तशीच. जेवण जाईना. मी लाटलेल्या पोळ्या करपायच्या. त्यांनी दोन कप फोडले. एवढं सोसून माणूस जर वर जात नाही, तर हा नुसता आळस नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण पन्नास वर्षांच्या संसारात आपण एकमेकांविषयी एकदा जे ठरवून टाकतो, तेच धरून बसतो.

एका सकाळी मी कुकर लावत होते, तेव्हा ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. शिटी झाली.

"शैला, पहिल्या दिवशी मी गेलो होतो. वळणाच्या वर. निकम पुढे होता. डोळ्यांपुढे अंधार आला. कठडा धरला म्हणून पडलो नाही. समोर सातारा होता आणि मला काही दिसत नव्हतं. निकमला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोचायचं थांबलं, आणि मला वाटलं, सुटलो."

मी गॅस बंद केला.

"आळशी म्हण तू मला. ते बरं वाटतं ऐकायला."

"मी येते बरोबर."

"तू आलीस की तू चढणार. तुझी चाल माझ्यापेक्षा जलद. तू पोचलीस की माझं टोचायचं थांबणार. आणि थांबलं की मी त्या वळणावर बसणार. मी ओळखतो मला."

त्यांचं बरोबर होतं.

"मग मी खाली बसते," मी म्हणाले. "पायथ्याच्या बाकावर. तिथून वळणं दिसतात. तुम्हाला मी दिसेन, मला तुम्ही दिसाल. पडलात तर निकमभाऊंना आणि मला दिसेल."

"निकम गावाला गेलाय."

"मग मला दिसेल."

*

संध्याकाळी त्यांनी पांढरा शर्ट घातला. मला दुरून दिसावा म्हणून, असं ते म्हणाले नाहीत. मी बाकावर बसले आणि बाकाची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरली.

ते चालायला लागले. पहिल्या वळणाच्या कठड्यापाशी थांबले. माझ्या पोटऱ्या उडत होत्या. शेजारून एक बाई नातीला घेऊन चालली होती, तिनं विचारलं, "आजी, बरं वाटत नाही का?" मी मान हलवली. उठ, चढ, दहा ढांगांत त्यांना गाठशील, असं सगळं अंग सांगत होतं. मी डोळे मिटले नाहीत. जयवंतनी कठड्यावरचा हात उचलला. वळणाच्या वर गेले.

दुसऱ्या वळणावर पांढरा शर्ट पुन्हा दिसला. ते खाली बघत होते. मी हात करायला हवा होता, पण कड सोडली तर मी उठून पळाले असते. मी पुढे-मागे झुलत होते. माझ्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज येत होता, तो मलाच ऐकू येत होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग झाडांच्या आड गेले.

आणि टोचणी थांबली.

एकदम. पंखा बंद व्हावा तशी. पाय माझे झाले. क्षणभर इतकं बरं वाटलं की मी बाकाला टेकले.

मग वर बघितलं. चार भिंती अजून कितीतरी वर होत्या. जयवंत तिथं इतक्यात पोचणं शक्यच नव्हतं. पट्टी काम पूर्ण झाल्यावर गप्प होते. पण ती नाडी ऐकते. नाडीच ऐकू आली नाही, तर ती कशासाठी टोचेल?

मी धावले. मला आठवतं तेवढं सांगते: चप्पल पायातून गेली, ती तिथंच टाकली. बदललेला गुडघा दगडावर आपटला. पायांना आता कुणी ढकलत नव्हतं, प्रत्येक पाऊल मला स्वतःला उचलावं लागत होतं आणि ते किती जड असतं हे मी त्या महिन्याभरात विसरले होते. पहिलं वळण, कठडा. दुसरं वळण. कुणी नाही. मी हाक मारली. लग्नापासून 'अहो' म्हणत आले, त्या दिवशी नावानं मारली.

"जयवंत!"

"काय गं?"

झाडांच्या पलीकडे, चढाच्या मधोमध ते उभे होते. एका हातानं करंजाची फांदी धरलेली, तोंड उघडं, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. पण उभे. कानामागे लाल चट्टा होता.

"पट्टी?" मला एवढंच बोलता आलं.

"काढली. टाकून दिली तिकडे झाडीत."

"का?"

त्यांना दम लागला होता. शब्द तुटत तुटत आले. "खाली बघितलं. तू... अशी झुलत होतीस. ब्राऊनी मरताना झुलायची तशी. माझ्यासाठी किती... बघवेना मला."

"अहो, नोंद गेली सगळी! रुबीना काय म्हणाली होती? आता कशाच्या जोरावर चढणार तुम्ही?"

"ते मला काय माहीत?"

मला रडू आणि राग एकदमच आले. मी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, जोरात. ते हसायला गेले आणि खोकले. मग कडेच्या दगडावर बसले. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी भरभर चालली होती, पण चालली होती.

खाली शहरात दिवे लागायला सुरुवात झाली होती. वर चार भिंतींपाशी दोनतीन माणसं दिसत होती. माझ्या ओठांवर आलं होतं, 'चला घरी, रिक्षा बोलावते.' आणि त्याच्या मागोमाग, 'उठा, थोडंच राहिलंय.' दोन्ही मी गिळलं. आयुष्यात मी इतका वेळ काही न बोलता, काही न करता कधी उभी राहिले असेन असं वाटत नाही. एक पाय अनवाणी, गुडघ्यातून रक्त, आणि मी नुसती त्यांच्याकडे बघत.

ते दगडावर बसून होते. श्वास हळूहळू खाली बसला. त्यांनी रुमालानं मान पुसली, वर बघितलं, खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनी गुडघ्यांवर हात टेकवले आणि उठले.

"तू बस इथं," ते म्हणाले. "मी जाऊन येतो."

आणि वरच्या बाजूला चालायला लागले.